कंदिलापासून महाधमनीपर्यंत

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्यात अवेळी वादळ उठलं आणि ससून रुग्णालयातली वीज गेली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येरवडा तुरुंगातला एक कैदी होता: मोहनदास करमचंद गांधी. अपेंडिक्स सुजलं होतं, थांबणं धोक्याचं होतं आणि सर्जन कर्नल मॅडॉक यांचं काम अर्ध्यावर आलं होतं. परिचारिकेच्या हातातली विजेरीही विझली, तेव्हा उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली.

त्या रात्रीची खरी गोष्ट दिवे जाण्याआधीच घडली होती. सरकारी इंग्रज डॉक्टरच्या हाताखाली देशाच्या नेत्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर लोकांनी काय मानलं असतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. ओळखीचे डॉक्टर मुंबई-बडोद्याहून येईपर्यंत वाट पाहायला सवड नव्हती. म्हणून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं गेलं. गांधींनी सांगितलं आणि शास्त्रींनी लिहून घेतलं की मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण भरवसा आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे. वेदनेने थरथरणाऱ्या हाताने गांधींनी त्या कागदावर पेन्सिलीने सही केली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे.

तातडीच्या शस्त्रक्रियेला काय काय लागतं, हे या एका रात्रीत दिसतं: उजेड, सर्जन, वेळेत पोचलेला रुग्ण आणि थोड्या मिनिटांत कमावलेला विश्वास. अपेंडिक्सच्या बाबतीत कंदिलावर भागलं. शरीरात एक दुखणं मात्र असं आहे की तिथे हजार दिवे लावूनही त्या काळात काहीच करता आलं नसतं.

ते दुखणं म्हणजे महाधमनी फाटणं. हृदयातून निघणारी ही सर्वांत मोठी रक्तवाहिनी. डॉक्टरमंडळी तिला ‘एओर्टा’ म्हणतात. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त त्या चिरेतून भिंतीच्या आत घुसतं आणि अस्तर लावलेल्या कापडाचं अस्तर सुटत जावं तसे थर एकमेकांपासून सुटतात. यालाच ‘डिसेक्शन’ म्हणतात. हृदयालगतच्या चढत्या भागात हे घडलं, तर उपचारांविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला साधारण एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असा वैद्यकातला जुना आणि अजूनही सांगितला जाणारा हिशेब आहे. चीर फक्त छातीतून खाली उतरणाऱ्या भागात असेल, तर बहुतेकदा रक्तदाब उतरवून सांभाळता येतं. वरच्या भागाला मात्र सुरीशिवाय इलाज नाही.

या दुखण्याची पहिली ठळक नोंद एका राजाच्या शवविच्छेदनात सापडते. इंग्लंडचा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी अचानक कोसळून मेला. पानिपतची लढाई तेव्हा पावणेतीन महिन्यांवर होती. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांना हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलेलं आणि महाधमनीला चीर पडलेली दिसली. त्यांनी ती चोख लिहून ठेवली. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं डॉक्टरांच्या हाती एवढंच होतं: मेल्यानंतर कारण सांगणं.

वाट उघडली ती अमेरिकेत ह्यूस्टनला. मायकेल डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अशा फाटलेल्या महाधमनीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदय उघडून शिवलं होतं. फाटलेला तुकडा काढला तर त्या जागी काय बसवायचं, याचं उत्तर डिबेकींना कापडाच्या दुकानात मिळालं. नायलॉन घ्यायला ते गेले होते. ते नव्हतं म्हणून डेक्रॉन घेतलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवून पाहिल्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. आजही जगभर महाधमनीच्या जागी बसवली जाणारी नळी त्याच जातीच्या धाग्याची असते.

महाराष्ट्रात हे कसब मुंबईच्या केईएममध्ये रुजलं. नागपुरात वाढलेले डॉ. प्रफुल्लकुमार सेन तिथे छाती आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा करत होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी केलेलं हृदयरोपण लोकांच्या लक्षात राहिलं, पण त्यांचं महाधमनीवरचं काम अधिक खोल आहे. आपल्याकडे तरुण माणसांत, त्यातही बायकांत, महाधमनी सुजून अरुंद होण्याचा एक आजार आढळतो. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे दुखणं फाटण्याचं नसलं, तरी महाधमनी हाताळण्याची भीती मोडण्यात अशा कामाचा वाटा मोठा आहे. हृदयरोपणाच्या बातमीपुढे ते झाकोळलं, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

पुण्यात छातीच्या शस्त्रक्रियेचा धागा लष्करी रुग्णालयांतून येतो. क्षयावर गुणकारी औषधं येण्यापूर्वी छाती उघडण्याचं धाडस जगभर क्षयरोगाच्या सर्जननीच केलं होतं, आणि त्यांच्याच पठडीतून पुढे हृदयाचे सर्जन घडले. पुणेकर आजही ‘सीटीसी’ म्हणतात ते लष्करी केंद्र आता आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस या नावाने चालतं. त्याच्या जोडीला शहरात मोठी खासगी आणि धर्मादाय रुग्णालयं उभी राहिली, आणि फाटलेल्या महाधमनीच्या रुग्णाला मुंबईच्याच रस्त्याला लावायची सक्ती संपली.

आजची ही शस्त्रक्रिया बहुधा सहा-आठ तास चालते. शरीर थंड केलं जातं, काही मिनिटं रक्ताभिसरण जवळजवळ पूर्ण थांबवलं जातं, मेंदूला वेगळ्या नळीने रक्त पुरवलं जातं आणि तेवढ्या वेळात सर्जन नळीचं टोक शिवून घेतो. भूलतज्ज्ञ, यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट, रक्तपेढी, सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ असे सगळे रात्री दोन वाजता जागेवर असावे लागतात. रुग्णही पोचावा लागतो. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या. त्यांचं नियंत्रण केंद्र पुण्यातच, औंधच्या छाती रुग्णालयाच्या आवारात आहे.

संमतीचा प्रश्न मात्र शंभर वर्षांत सोपा झालेला नाही. ३१ डिसेंबर २००५ रोजी खुद्द डिबेकींची महाधमनी फाटली. वय ९७. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. फेब्रुवारीत ते बेशुद्ध झाले, तेव्हा रुग्णालयाच्या नीतिसमितीला रात्री बसावं लागलं. पत्नीने आग्रह धरला आणि त्यांचे जुने सहकारी जॉर्ज नून यांनी सात तासांची शस्त्रक्रिया केली. डिबेकी वाचले, आणखी दोन वर्षांहून अधिक जगले, आणि ती केली हे बरंच झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुण्यातल्या रुग्णालयांतही मध्यरात्री कागद पुढे येतो तेव्हा रुग्ण बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो. मुलगा किंवा सून सही करते, आणि समोरच्या सर्जनचं नाव त्यांनी दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा ऐकलेलं असतं.

त्याच्याही आधीचा टप्पा अधिक नाजूक आहे. छातीत किंवा पाठीत एकदम उठलेली फाडणारी कळ सहसा हार्ट अटॅक समजली जाते आणि रक्त पातळ करणारी औषधं दिली जातात. महाधमनी फाटली असेल तर तीच औषधं घात करू शकतात. भोर किंवा शिरूरच्या लहान दवाखान्यात सीटी स्कॅन नसेल, पण दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. दोहोंत मोठा फरक दिसला आणि डॉक्टरांनी पुण्याला आधीच फोन केला, तर रुग्णवाहिका शहरात शिरेपर्यंत शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवता येते.