आखाती रुपया

इराणच्या आखातातील अरब संस्थानांत चालवण्यासाठी भारताने १९५९ साली काढलेल्या खास नोटा. कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातींच्या प्रदेशात ब्रिटिश काळापासून भारतीय रुपयाच चाले. मोत्यांच्या आणि खजुराच्या व्यापाराने या बंदरांना मुंबईशी जोडले होते.

स्वातंत्र्यानंतर सोन्याची आयात बंद झाली आणि मुंबईतला भाव जागतिक भावाच्या बराच वर गेला. दुबईत सोने घ्यायचे, गलबताने मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून उतरवायचे, मिळालेल्या नोटा आखातात परत न्यायच्या. तिथल्या बँका त्या रिझर्व्ह बँकेला देऊन पौंड घेत. म्हणजे चोरट्या सोन्याची किंमत अखेर भारताच्याच गंगाजळीतून चुकती होई. १९५७ पासून परकीय चलनाची टंचाई असताना हे परवडणारे नव्हते.

म्हणून १९५९ मध्ये कायदा दुरुस्त करून वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असलेल्या नोटा निघाल्या. त्या भारतात चालत नसत. मूल्य मात्र देशी रुपयाइतकेच, पौंडाला १३⅓. या उपायाने गंगाजळीची ही वाट अडली, तस्करी थांबली नाही.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. उरलेल्यांना धक्का बसला तो ६ जून १९६६ रोजी. दिल्लीने अवमूल्यन केले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. ज्यांना या निर्णयात काडीचाही आवाज नव्हता, त्यांच्या गाठीची पुंजी एका रात्रीत घटली. कतार आणि दुबईने मिळून रियाल काढला, अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये रुपया १९७० पर्यंत टिकला.

नोट काढणारा एक आणि वापरणारे अनेक, ही अडचण पुढेही सुटली नाही. आखाती सहकार्य परिषदेने २०१० पर्यंत सामाईक चलन आणायचे ठरवले होते. ओमान आधीच बाजूला झाला. मध्यवर्ती संस्था रियाधला जाणार म्हटल्यावर २००९ मध्ये अमिरातींनीही अंग काढून घेतले. तेलावरची सारखी भिस्त आणि डॉलरशी जखडलेली बहुतेक चलने असूनही बेत रखडला. अटलबिहारी वाजपेयींनी २००३ मध्ये दक्षिण आशियासाठी मांडलेली तशीच कल्पना भाषणापलीकडे गेली नाही, आणि भारत-पाकिस्तान संबंध पाहता नजीकच्या काळात जाण्याची चिन्हे नाहीत.

त्यापेक्षा व्यवहार्य ठरू शकेल असा मार्ग जुलै २०२३ च्या कराराचा. भारत आणि अमिरातींमधील व्यापाराची देणी रुपया व दिरहममध्ये फेडण्याची सोय त्यात आहे. दोन्ही चलने वेगळी राहतात, आणि अवमूल्यन करायचे की नाही हे ज्याचे त्याच्या हाती राहते.