आवाज नक्की कुठून आला?

आजची गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. १९१५ साली लॉरेन्स ब्रॅग यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते फक्त २५ वर्षांचे होते. आणि ब्रिटिश सैन्यात त्यांचं काम काय, तर शत्रूची न दिसणारी तोफ आवाजावरून शोधायची! लांब लांब माइक ठेवायचे, कुठल्या माइकला आवाज आधी पोचला आणि किती आधी, ते मोजायचं. त्यावरून तोफेची जागा काढायची.

आपले दोन कान हेच करतात. फरक असतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो.

आता मोकळं रान सोडून मोठ्या हॉलमध्ये या. भिंत, छत, फरशी, सगळीकडून तोच आवाज परत येतो. मग खरा कुठला? १९४९ मध्ये वॉलाक, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग यांनी दाखवलं, की मेंदू दिशा ठरवताना सर्वात आधी पोचलेल्या आवाजाचंच ऐकतो.

मग १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी एक भारी प्रयोग केला. एकाच माणसाने वाचलेले दोन मजकूर एकत्र ऐकवले, तर लोक पार गोंधळले. तेच एक डाव्या कानात, एक उजव्या कानात दिले, तर हवा तो सहज कळला. म्हणजे बघा, ‘कुठून’ कळलं की ‘काय’ कळायला सोपं जातं.

मशीनला मात्र हे जड जातं. दोन माइकमधला उशीर मोजायची नॅप आणि कार्टर यांची १९७६ची पद्धत आजही वापरतात. पण प्रतिध्वनी जोरात असला, की मशीन म्हणतं माणूस भिंतीत आहे! त्यात चारजण बोलतायत, एक गप्प झाला, दुसरा उठून चालायला लागला, तर आणखी घोळ. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी यावर ‘पार्टिकल फिल्टर’ लावला. एकच उत्तर धरायचं नाही, शेकडो अंदाज सोबत ठेवायचे आणि आवाजाशी जुळतील तेच पुढे न्यायचे. कारण माणूस क्षणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उडी मारत नाही. प्रतिध्वनी मारतो!

हे फक्त स्मार्ट स्पीकरसाठी नाही हं. कानाला मशीन लावलेले आजोबा लग्नाच्या हॉलमध्ये गप्प बसतात, कारण गलका आणि माणूस दोन्ही एकत्रच मोठे ऐकू येतात. तेव्हा त्यांच्याशी बोलताना जवळ जा, समोर बसा. भेटू पुढच्या भागात!