स्टेडियमच्या बांधकामाचा काळ : गडहिंग्लजच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

फुटबॉलचे नवे स्टेडियम बांधण्यास किती काळ लागतो, हा प्रश्न वरकरणी स्थापत्यशास्त्राचा आहे. अभियंत्यास विचारले तर तो अठरा महिने किंवा दोन-तीन वर्षे असे उत्तर देईल आणि ते चुकीचे ठरणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. मोजणी कोणत्या दिवसापासून करावयाची? पायाभरणीपासून, जागा ताब्यात आल्यापासून, की गावात प्रथम चेंडू खेळला गेला त्या दिवसापासून? भिंती व पायऱ्या उभ्या राहण्यास लागणारा काळ हा एकूण काळाचा लहानसा हिस्सा असतो, उरलेला काळ जागा, मालकी आणि मुदत या तीन गोष्टी ठरवितात, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

या विचारास निमित्त गडहिंग्लजचे आहे. हिरण्यकेशीच्या काठावरील हे तालुक्याचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात फुटबॉलवेडे म्हणून ओळखले जाते. येथील फुटबॉलचे केंद्र म्हणजे एम. आर. हायस्कूलचे मैदान. दिवाळीच्या सुमारास गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशनच्या वतीने होणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेसाठी परराज्यांतील संघही या मैदानावर उतरले आहेत. म्हणजे येथे खेळ, खेळाडू आणि प्रेक्षक आधी आले. शाळेचे मैदान हेच गावाचे क्रीडांगण झाले.

संस्थानकाळातील उदाहरण

जिल्ह्यातील सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण फुटबॉलचे नसून कुस्तीचे आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून त्यांच्या मनात कोल्हापुरात तसे मैदान बांधण्याची कल्पना आली, असे सांगितले जाते. खासबाग मैदानाचे काम १९०७ मध्ये सुरू झाले व १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि भोवती चढत जाणारी वर्तुळाकार बैठक, अशी ही रचना आहे. कोठेही बसले तरी कुस्ती दिसते, हे तेथे एकदा बसलेला कोणीही सांगेल. कल्पनेपासून मोजल्यास दहा वर्षे, कामापासून मोजल्यास पाच. येथे जागा, तिजोरी आणि निर्णय हे तिन्ही एकाच हाती होते, ही बाब महत्त्वाची आहे. तरीही दहा वर्षे लागली. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर हे तीन अधिकार वेगवेगळ्या कार्यालयांत विभागले गेले. त्यामुळे आजच्या विलंबास केवळ 'सरकारी दिरंगाई' म्हणणे अर्धवट ठरते. लोकशाहीत जागेचा मालक, पैसा देणारा आणि वापरणारा हे तिघे निराळे असतात व त्यांची संमती जुळण्यास वेळ लागतोच.

मुदत आणि वेग

याउलट, तारीख आधी ठरलेली असेल तर बांधकाम आश्चर्यकारक वेगाने होते. मुंबईचे वानखेडे स्टेडियम याचे ठळक उदाहरण होय. ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे होती. तिकिटांच्या वाटपावरून त्या क्लबचे व मुंबई क्रिकेट असोसिएशनचे बिनसले. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार, सुमारे तेरा महिन्यांत नवे स्टेडियम उभे राहिले आणि २३ जानेवारी १९७५ रोजी तेथे वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला. वानखेडे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते, हे विसरून या वेगाचे कौतुक करणे भाबडेपणाचे होईल.

लंडनच्या वेम्बलीची कथा अधिक उद्बोधक आहे. जुने वेम्बली सुमारे ३०० दिवसांत बांधले गेले व २८ एप्रिल १९२३ रोजी तेथे एफ.ए. कपचा पहिला अंतिम सामना झाला. त्याच जागेवरील नव्या वेम्बलीचा अनुभव उलट आहे. जुन्या स्टेडियमवरील शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी झाला आणि नव्याचा ताबा ९ मार्च २००७ रोजी मिळाला. २००६ चा अंतिम सामना तेथे घेण्याचे ठरले होते, तो कार्डिफला खेळवावा लागला. यंत्रे सुधारली, तंत्र सुधारले, तरी काळ वाढला.

शिवाय स्टेडियम 'पूर्ण' केव्हा झाले, हेही ठरविणे अवघड असते. ब्राझीलमधील माराकानाचे काम २ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झाले. १९५० ची विश्वचषक स्पर्धा तेथे अपुऱ्या बांधकामातच झाली व सर्व कामे संपावयास १९६५ साल उजाडले. मडगावजवळील फातोर्डा स्टेडियम १९८९ मध्ये सुरू झाले. पुढे २०१४ ची लुसोफोनिया स्पर्धा आणि २०१७ ची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा यांच्या निमित्ताने त्यावर पुन्हा मोठे काम झाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच विश्वचषकात भारताकडून खेळला, याचा अभिमान आपल्या जिल्ह्यास आहे.

गडहिंग्लजचा हिशेब

राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणानंतर तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याची योजना पुढे आली. योजना चांगली, परंतु जागेचे गणित पाहावे. आंतरराष्ट्रीय सामन्याचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकर. भोवती ४०० मीटरची धावपट्टी आखल्यास सुमारे चार एकर लागतात आणि त्यात प्रेक्षकांसाठी एकही पायरी धरलेली नाही. एवढी सलग सपाट जमीन गावात मिळत नाही आणि गावाबाहेर मिळाली तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर तेथे सायकलवरून पोहोचणारी मुले किती, हा प्रश्न उरतो.

निसर्गाचेही वेळापत्रक आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसामुळे मातीकाम जवळजवळ थांबते. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांनी तपासली जाते, त्यात घाई करता येत नाही. पाण्याचा निचरा होण्यासाठी जमिनीखाली खडी व नळांचे थर घालावे लागतात आणि पेरलेले गवत खेळण्याजोगे होण्यास आणखी काही महिने जातात. थोडक्यात, बांधकामास उपयोगी असा काळ दिवाळीपासून मे अखेरपर्यंतचा.

नेमका हाच काळ आपल्याकडे फुटबॉलच्या हंगामाचा आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ भिडतात तेही याच महिन्यांत. त्यामुळे चालू मैदानावरच स्टेडियम बांधावयाचे तर किमान एक, बहुधा दोन हंगाम मैदान बंद ठेवावे लागेल. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दोन हंगाम म्हणजे त्याचे शालेय फुटबॉलच होय. अंदाजपत्रकात सिमेंट, पोलाद व मजुरी यांच्यासाठी रकाने असतात, या दोन हंगामांसाठी नसतो. ते कोठे खेळवावयाचे, ही जागा पायाभरणीची तारीख ठरविण्यापूर्वी निश्चित करावी लागेल.