जनावराला हात कुणी लावायचा? पशुवैद्यकीच्या किमान मानकांची गोष्ट

चिकलठाण्यात उभं राहून गुराढोरांवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, मधून जालना रोड. पण इथे मागे बसलेल्या जुन्या मंडळींना सुखना नदीच्या काठची गुरं अजून आठवत असतील. आणि शहर कितीही वाढलं तरी सकाळचं दूध येतं ते आसपासच्या गोठ्यांतूनच. म्हणून आज आपण विषय घेतलाय तो त्या गोठ्यातला: आजारी जनावराला हात कुणी लावायचा, आणि लावणाऱ्याकडून कमीत कमी काय अपेक्षा ठेवायची?

सुरुवात घरच्या गोष्टीनं करू. आमच्याकडे एक संकरित गाय होती. व्यायली आणि दुसऱ्या दिवशी रात्री बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. दुग्धज्वर. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की असं होतं, आणि वेळेवर उपचार झाला तर तासाभरात गाय उभी राहते. आम्ही दोन ठिकाणी फोन केले, कुणी आलं नाही. शेवटी एक ओळखीतला माणूस मोटारसायकलवर आला. त्याच्याकडे पदवी नव्हती, पाटी नव्हती, फक्त बॅग होती. त्यानं कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली आणि भराभर सोडली. हे औषध हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. वेगानं गेलं तर हृदयच थांबतं. गाय आमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे विम्याचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, उपचार कुणी केले? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

बरीच वर्षं आम्ही त्या माणसाला शिव्या घातल्या. पण नंतर एक गोष्ट टोचायला लागली. त्या रात्री आला तो तोच. ज्यांना सगळं येत होतं ते आले नव्हते. आजचं सगळं व्याख्यान या दोन वाक्यांच्या मध्ये आहे असं समजा.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे जनावरांचं वैद्यक नवं नाही. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा, हत्तींसाठी पालकाप्याची. शालिहोत्रावरूनच 'सालोत्री' हा शब्द आला, म्हणजे घोड्यांचा वैद्य. पण एक लक्षात घ्या, हे शास्त्र राजाच्या पागेभोवती आणि पिलखान्याभोवती वाढलं. कुणब्याच्या बैलाला मात्र गावातला जाणता माणूसच होता. तो वार अडकली तर काढायचा, पोट फुगलं तर तेल पाजायचा, खांदा सुजला तर डाग द्यायचा, गोऱ्हा ठेचायचा. त्यातलं काही अनुभवाचं शहाणपण होतं, काही निव्वळ यातना. वेगळं करून सांगणारं कुणी नव्हतं, आणि चुकलं तर विचारणारंही कुणी नव्हतं.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. तिथे हा व्यवसाय उभा राहिला तो गुरांच्या साथीच्या धक्क्यानं. बुळकांडीनं गोठे रिकामे होत होते, तेव्हा १७६१ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात पहिली पशुवैद्यक शाळा स्थापन झाली. इंग्लंडात १८४४ मध्ये पशुवैद्यकांच्या संस्थेला राजाज्ञा मिळाली आणि १८८१ च्या कायद्यानं नोंदवही आली. म्हणजे शिक्षण आधी, संघटना मग आणि 'कोण पशुवैद्य, कोण नाही' हे सांगणारी यादी सर्वांत शेवटी. यात शंभराहून जास्त वर्षं गेली. आपल्याकडे क्रम साधारण तोच राहिला.

महाराष्ट्रातली सुरुवात लष्करातून झाली. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, अर्थात घोड्यांसाठी. गुरांची दखल घ्यायला पुन्हा बुळकांडीच कारण ठरली. त्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ चा. मग मुंबईत परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभं राहिलं. त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. इथून बाहेर पडणाऱ्यांच्या नावापुढे 'जी.बी.व्ही.सी.' लागायचं. जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ही अक्षरं काहींनी पाहिली असतील. आणि १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली.

पण हे सगळं मुंबई इलाख्यातलं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९४६ साली. दोन वर्षांनी पोलीस ॲक्शन, १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठवाड्याच्या मातीत, परभणीला, पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं १९७२ साली. साल ओळखीचं वाटतंय ना? तो दुष्काळाचा काळ. परळ ते परभणी हे अंतर तोडायला ८६ वर्षं लागली. देवणी, लाल कंधारी असे देखणे गोवंश ज्या भागात जपले गेले, तिथे शिकलेला पशुवैद्य इतक्या उशिरा पोचला. मग मधल्या काळात बॅगवाला माणूस गोठ्यात आला, यात नवल काय?

आता कायद्याकडे येऊ. हा भाग जरा रुक्ष आहे, पण गाठ इथेच आहे. आपल्या घटनेत पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये स्वतःचा कायदा केला. मग १९८४ मध्ये संसदेनं भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम केला. पण विषय राज्यांचा, म्हणून तो इतर राज्यांना लागू व्हायला त्यांच्या विधिमंडळांचा ठराव लागणार होता. केंद्रीय परिषद १९८९ मध्ये स्थापन झाली, १९९२ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे आणि नीतीचे नियम आले, १९९३ मध्ये पदवी शिक्षणाची किमान मानकं आली. महाराष्ट्रात हा कायदा लागू झाला १९९७ साली. म्हणजे संसदेनंतर १३ वर्षांनी.

या कायद्याचं तिसावं कलम फार महत्त्वाचं. त्याचा सोपा अर्थ असा: ज्याचं नाव नोंदवहीत आहे त्यानंच पशुवैद्यकीचा व्यवसाय करायचा, त्यानंच जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करायची, कोर्टात तज्ज्ञ म्हणून त्यानंच साक्ष द्यायची. आमच्या विम्याची गाडी कुठे अडली ते आता कळलं असेल. याच कलमात एक सवलतही आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकाला राज्य सरकार 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' करायची परवानगी देऊ शकतं. लस टोचणं, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्रथमोपचार. पण अट एकच, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सूचनेप्रमाणे.

वाचायला छान आहे. पण आपल्या राज्यात कितीतरी वर्षं दवाखान्यांच्या दोन श्रेणी चालत आल्या. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर. श्रेणी दोनच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे पदविकाधारक. आता सांगा, दवाखान्यात पर्यवेक्षक एकटाच, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा डॉक्टर दुसऱ्या गावी. रात्री म्हैस अडली तर त्यानं काय करावं? हात लावला तर कायदा मोडतो, नाही लावला तर म्हैस जाते आणि गाव त्याच्या नावानं ओरडतं. किमान मानक सरकारनं लिहिलं, आणि ते पाळता येणार नाही अशी जागाही सरकारनंच तयार केली. पर्यवेक्षक वेळोवेळी आंदोलनं करतात, पदवीधर त्याला विरोध करतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्येच सांगितलं होतं की सन २००० पर्यंत पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य हवा. म्हणजे पात्रतेच्या मानकाला संख्येचं मानक जोडलेलं होतं. आपण पहिलं कायद्यात घातलं, दुसरं अहवालात ठेवलं.

पण देखरेखीची साखळी नीट जुळली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. पुन्हा बुळकांडी. ज्या रोगानं हा व्यवसाय जन्माला घातला, तो रोग २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर असा नाहीसा झालेला हा दुसराच रोग. लस प्रयोगशाळेत बनली, ती थंड ठेवत गावोगाव नेली, नोंदी ठेवल्या, संशयित जनावराचे नमुने तपासले. यात पदवीधर होते, पर्यवेक्षक होते, शिपाईही होते. प्रत्येकानं आपापलं काम केलं आणि वर विचारणारा कुणीतरी होता.

उलट उदाहरण गिधाडांचं. डायक्लोफेनॅक हे सूज आणि दुखणं उतरवणारं स्वस्त औषध. गुरांना सर्रास टोचलं जायचं. मेलेल्या जनावरात ते उरायचं, ते मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. हे शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं, तोवर गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या होत्या. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटलीच तीन मिलीची केली. इथे एक कबुली द्यायला हवी. बंदीआधी हे औषध फक्त बॅगवाल्यांनी टोचलं असं नाही, पदवीवाल्यांनीही टोचलं. म्हणजे पदवी ही मानकाची पहिली पायरी झाली. नवं कळलं की जुनं सोडायचं, दिलेलं औषध लिहून ठेवायचं, दूध किती दिवस विकायचं नाही ते मालकाला सांगायचं, ही पुढची पायरी. ती कागदावरच्या सहीनं येत नाही, रोजच्या सवयीनं येते.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा हे सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं. जळगाव जिल्ह्यातून सुरुवात झाली आणि बघता बघता राज्यभर. लस टोचायला माणसं कमी पडली, शिकणारी पोरंही कामाला लागली.

आता इथले एक काका मघापासून हात वर करतायत. त्यांचा प्रश्न असा की, "हे सगळं ठीक, पण रात्री डॉक्टर येतच नाही, तर आम्ही काय करायचं?" काका, खरं सांगायचं तर याचं पूर्ण उत्तर या व्यासपीठावर नाही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला फोन करता येतो, तो पाठ करून ठेवा. येणाऱ्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात अपमान नाही. तो पर्यवेक्षक असेल तर त्याला त्याच्या डॉक्टरशी फोनवर बोलायला लावा. आणि काय टोचलं ते तारखेसकट वहीत लिहून घ्या. आमच्याकडे त्या रात्री अशी वही असती तर गाय वाचली नसती कदाचित, पण निदान 'उपचार कुणी केले?' या प्रश्नावर आम्ही गप्प बसलो नसतो.

बाकीचं उत्तर ग्रामसभेत मागायचं. आपल्या दवाखान्यात कोण नेमलाय, त्याच्यावर देखरेख कुणाची, तो डॉक्टर किती गावं सांभाळतो? हे तीन प्रश्न मोठ्यांदा विचारत राहिलं पाहिजे. अपात्र माणसाला गोठ्याबाहेर काढणं कायद्याला जमतं. पात्र माणूस गोठ्यात आणणं कायद्याला एकट्याला जमत नाही, त्याला गावाचा रेटा लागतो.

थांबतो इथेच.