प्रकाशाचा एक कण

भोपाळच्या टी. टी. नगरातील आम्ही मराठी मंडळी पचमढीला जातो ती धूपगढचा सूर्यास्त आणि जटाशंकर पाहायला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ मात्र तेथे गेले ते अंधारासाठी. खेकडा तेजोमेघासारख्या दूरच्या ठिकाणांहून येणारे गॅमा किरण वातावरणात शिरले की निळसर प्रकाशाची अतिक्षीण चमक उमटते. ती सेकंदाचे काही अब्जांश भागच टिकते. ती टिपायला तेथे २४ दुर्बिणी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ७ आरसे आणि प्रत्येक आरशासमोर एक प्रकाशगुणक नळी.

प्रकाश कणाकणाने येतो, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. या कणाला फोटॉन हे नाव १९२६ पासून रूढ झाले, आणि १९३० च्या दशकात ही नळी आली. एका फोटॉनने नळीतला एक इलेक्ट्रॉन सोडवला, की तो पुढच्या पट्ट्यांवर आपटत जातो आणि सावकारी व्याजासारखे एकाचे दहा लाख होतात. मग तो मोजता येतो.

हीच मोजणी पुढे गुप्त निरोपांच्या कामी आली. डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळ वायुकांडाच्या दुःखात बुडालेले असताना, बंगलोरच्या एका परिषदेत बेनेट आणि ब्रासार्ड यांनी एक युक्ती मांडली: संदेश उघडण्याची किल्ली एकेका फोटॉनवरून पाठवावी. फोटॉन अर्धा करता येत नाही, त्याची हुबेहूब नक्कलही निघत नाही. वाटेत कोणी डोकावले तर किल्लीत चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल अशी किल्ली १०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या काचतंतूवरून पाठवून दाखवली. अशा कामासाठी आता नळीऐवजी अर्धवाहकाचे इवलेसे शोधक वापरतात. २००१ पासून अतिवाहक तारेचेही आले.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी एक गोष्ट जोडतो. आमच्या वस्तीचे पूर्ण नाव तात्या टोपे नगर. १८५८ च्या ऑक्टोबरात नर्मदा ओलांडून सातपुड्याकडे गेलेले तात्या पाठलागावरच्या इंग्रज फौजांना महिनोन्‌महिने सापडले नाहीत. एप्रिल १८५९ मध्ये ते पकडले गेले, ते मानसिंगाच्या फितुरीने. वाटेवरची चोरी फोटॉन सांगेल. दोन्ही टोकांची माणसे मात्र आपल्यालाच घडवावी लागतील.