भाजलेल्याच्या रक्ताची साक्ष

सर्वांगाला भाजलेला माणूस पहिले काही तास पुष्कळदा शुद्धीवर असतो. तो बोलतो, पाणी मागतो, घरच्यांना ओळखतो. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी प्राण सोडतो. हे कोडे वैद्यकाला फार काळ उलगडले नव्हते. जळालेल्या कातडीत विष निर्माण होऊन ते अंगात भिनते, अशी समजूत विसाव्या शतकातही दृढ होती.

१९२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील न्यू हेवन येथील रियाल्टो चित्रपटगृहाला आग लागली. त्या गावच्या येल विद्यापीठातील फ्रँक अंडरहिल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूंचा अभ्यास केला होता. वायूने फुप्फुसे पोळली की रक्तातील पाणी तिकडे झिरपते व रक्त दाट होते, हे त्यांनी पाहिले होते. आता या आगीत भाजलेल्यांचे हिमोग्लोबिन त्यांनी वेळोवेळी मोजले. ते भराभर चढत होते! रक्त वाढले नव्हते. त्यातील द्रव निघून गेला होता. फोडांतील पाणी तपासले, तर तेही रक्तद्रवासारखेच निघाले. १९२३ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्त जितके दाट, तितका प्राणाला धोका अधिक; परंतु मिठाचे पाणी वेळेवर दिले, तर तोच आकडा खाली येतो. मृत्यूची सूचना देणाऱ्या खुणेनेच उपायही दाखवला, हे अंडरहिल यांच्या कामाचे खरे मोल होय.

तरीही दोनच वर्षांनी टॅनिक आम्लाने जखम कमावण्याची पद्धत निघाली आणि वैद्यांचे लक्ष पुन्हा कातडीकडे वळले. पुढे ते आम्ल यकृताला अपायकारक ठरले.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या रात्रमंडळाच्या आगीत ४९२ माणसे दगावली. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ऑलिव्हर कोप यांनी टॅनिक आम्ल वर्ज्य केले. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण पाहून रुग्णांना रक्तद्रव दिला गेला. कोप आणि फ्रान्सिस मूर यांनी १९४७ साली द्रवाचा हिशेब शरीराच्या क्षेत्रफळाशी जोडला.

अशा रीतीने द्रव देणे हा सर्वत्र परिपाठ झाला आणि त्या जुन्या खुणेची भाकितशक्ती ओसरली. कारण तिने सांगितलेला धोकाच आता टाळता येऊ लागला. पहिल्या आघातातून वाचलेले रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने जाऊ लागले. म्हणून रक्तात नव्या खुणांचा शोध सुरू झाला. ऊतींना प्राणवायू अपुरा पडला की वाढणारे लॅक्टेट ही त्यांतील एक. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी संसर्गात चढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनची नोंद केली. त्यांच्या रुग्णांत भाजलेलेही होते. मात्र मोठी भाजणूक स्वतःच शरीरात एवढा दाह माजवते, की संसर्ग नसतानाही असे आकडे चढू शकतात.

गंमत अशी, की सर्ज बो यांनी १९६१ साली पॅरिस येथे मांडलेल्या गणिताला रक्ताचा थेंबही लागत नाही. रुग्णाचे वय आणि भाजलेल्या कातडीची टक्केवारी यांची बेरीज, एवढेच ते गणित! २०१० साली त्यात एक दुरुस्ती सुचवली गेली: धुराने श्वासमार्ग पोळला असेल, तर बेरजेत आणखी १७ मिळवावेत.