बुलढाण्याचे वीरस्मरण आणि हेलिकॉप्टरचे वैमानिक

सिंदखेडराजा येथील लखुजीराव जाधवांची समाधी हे बुलढाणा जिल्ह्यातील वीरस्मरणाचे सर्वांत ठळक ठिकाण. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी गेलेले लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. म्हणजे ही भव्य वास्तू शत्रूच्या हातून पडलेल्यांची नाही; ज्याची चाकरी केली त्याच्याच माणसांनी मारलेल्यांची आहे. आपल्याच बाजूकडून आलेला मृत्यू वीरमरणात धरायचा की नाही, हा प्रश्न या भूमीने तीन-चार शतकांपूर्वी दगडात सोडवून टाकला होता.

महाराष्ट्रात गावोगावी सापडणारे वीरगळ ही याहून जुनी चाल. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. बहुतेकांवर नाव कोरलेले नसते. आजची पद्धत नेमकी उलटी आहे: चित्र नाही, पण नाव, हुद्दा आणि तारीख हवीच. नाव कोरायचे म्हटले की ते कोणत्या यादीत, हा प्रश्न ओघानेच येतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर झालेल्या आत्मघाती हल्ल्यात ४० जवान मारले गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्रा येथील नितीन राठोड. दोघांनाही शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव, बंदुकीच्या फैरींची मानवंदना आणि ‘अमर रहे’चा घोष हा विधी सैन्यातल्या जवानासाठी होतो तसाच त्यांच्यासाठीही झाला. गावकऱ्यांच्या लेखी सैन्य आणि निमलष्करी दल यांत फरक नसतो.

सरकारी नोंदीत मात्र तो असतो. राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे त्याच्या हुतात्म्यांचे स्मारक दिल्लीत चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुले झालेले राष्ट्रीय पोलीस स्मारक. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे राष्ट्रीय युद्धस्मारक निराळे आहे. ते इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, तेव्हा त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या पाट्यांवर २५,९४२ नावे होती.

उद्घाटनाला दोन दिवसही होत नाहीत तोच या यादीत भर पडण्याची वेळ आली. २७ फेब्रुवारीच्या सकाळी काश्मीरच्या आकाशात भारत आणि पाकिस्तानची लढाऊ विमाने समोरासमोर असताना श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यात कोसळले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. वैमानिक होते स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. निनाद यांचे शिक्षण नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत आणि औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत झाले होते. नाशिकमध्ये १ मार्च रोजी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. चोरपांग्रा आणि मलकापूर येथील अंत्ययात्रांना तेव्हा जेमतेम पंधरवडा लोटला होता.

सुरुवातीला ही घटना अपघात म्हणून सांगितली गेली. चौकशीत निघाले ते वेगळेच: हेलिकॉप्टर आपल्याच हवाई दलाच्या क्षेपणास्त्राने पाडले होते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दल प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हे कबूल व्हायला सात महिने लागले, आणि तो काळ कुटुंबांसाठी छोटा नव्हता. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दोन्ही वैमानिकांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झाले. क्षेपणास्त्र कोणाचे होते यावरून वैमानिकाचे शौर्य ठरत नाही, हे निदान या पदकाने मान्य केले.

युद्धात कामी आलेल्या भारतीय हेलिकॉप्टर वैमानिकांची परंपरा १९६२ पर्यंत मागे जाते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी हल्ला सुरू झाला त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर विनोद सहगल यांनी आपले छोटे बेल हेलिकॉप्टर नामका चू खोऱ्याच्या वरच्या अंगाला त्सांगधर येथे नेले. सोबत सिग्नल विभागाचे मेजर राम सिंग होते. दोघेही तिथे मारले गेले. कारगिलमध्ये २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर हल्ला करणाऱ्या एमआय-१७ ला खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र लागले आणि स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन यांच्यासह चौघे ठार झाले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर या हेलिकॉप्टरवर नव्हते. हेलिकॉप्टर सावकाश आणि खालून उडते, डोंगराळ मुलखात त्याला बंदुकीच्या टप्प्यातून जावेच लागते. लढाऊ विमानाला मिळणारी उंची आणि वेग त्याच्या वैमानिकाला नसतो. तरी युद्धकथांत नाव गाजते ते बहुधा लढाऊ विमानाच्या वैमानिकाचे.

हेलिकॉप्टरच्या वैमानिकांचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाचे स्वतंत्र हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, स्थापन झाले. त्याच्या वैमानिकांचे प्रशिक्षण नाशिकरोडच्या गांधीनगर येथील शाळेत होते. या दलाला राष्ट्रपतींचे निशाण मिळाले तेही नाशिकमध्येच, १० ऑक्टोबर २०१९ रोजी.

बुलढाण्याच्या जवानांचा हेलिकॉप्टरशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो सियाचीनमध्ये. १९८४ पासून तिथल्या चौक्यांचे धान्य, इंधन आणि औषधे आणण्याचे, आजारी व जखमींना खाली नेण्याचे काम प्रामुख्याने चीता हेलिकॉप्टरे करत आली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच हिमनदीवर बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांचा कर्तव्यावर असताना मृत्यू झाला. कर्तव्यावर प्राण गमावणारे ते पहिले अग्निवीर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मदतीवरून वाद उठल्यावर सैन्याने तपशील दिला: ४८ लाख रुपये विमा, ४४ लाख सानुग्रह अनुदान, ८ लाख युद्धहानी निधीतून, शिवाय सेवानिधी आणि उरलेल्या मुदतीचा पगार. रक्कम एक कोटीच्या वर जाते. पण अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाप्रमाणे निवृत्तिवेतन मिळत नाही.